मूळ गावाचा चौकोन रिकामा राहतो तेव्हा

शारजा-दुबईतल्या मराठी घरात हा प्रसंग कधी ना कधी घडतो. मुलगी शाळेतून एक मोठा कागद घेऊन येते. त्यावर झाड काढलेलं असतं आणि फांद्याफांद्यांवर चौकोन असतात. आई, बाबा, आजी, आजोबा भराभर भरून होतात. पणजोबांपाशी जरा अडखळायला होतं आणि ‘मूळ गाव’ या चौकोनापाशी पेन्सिल थांबते. मग गावाकडं फोन जातो. पलीकडून आजी म्हणते, “तसं एक गाव कुठं होतं गं आपल्याला? आपण मागनं आलेलो.” मागनं म्हणजे कुठून, असं विचारलं की आजी एकदम तिकडच्या उन्हाळ्याची चौकशी करू लागते.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं म्हणून आपल्याकडं हा विषय मिटवतात. आपण ज्या देशात राहतो तिथं मात्र कूळ सांगणं हा मोठेपणा आहे. अमिराती माणसाच्या नावाच्या शेवटी बहुधा त्याचं घराणं नाहीतर टोळी येते. बनी यास टोळीतले लोक लिवाच्या खजुरीच्या बागा आणि मोत्यांचा समुद्रकिनारा यांच्यामध्ये हंगामाप्रमाणे येजा करत. ती येजा आज इथली संग्रहालयं कौतुकानं मांडतात. उंट आणि तंबू घेऊन हिंडलेला पणजोबा इथं भूषण ठरतो. आपल्याकडं गाढव, पाल आणि छिन्नी-हातोडा घेऊन हिंडलेला पणजोबा घरातल्या घरात दडवला जातो.

आपले पूर्वज भटक्या-विमुक्तांपैकी असावेत अशी शंका ज्यांना आहे आणि आखातात राहून ज्यांना तिचा छडा लावायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुढच्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. ठाण मांडून राहिलेल्याची नोंद गावात सापडते, फिरस्त्याची वाटेवर. पणजोबा ‘कुठले’ हे शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही. त्यांना कोणी पाहिलं, कुठं पाहिलं आणि कशासाठी लिहून ठेवलं, हे शोधायला लागा.

आधी खुणा गोळा करा

पहिली खूण भावंडांच्या जन्मगावांची. आजोबा आणि त्यांची भावंडं चार असतील आणि चौघांचा जन्म चार तालुक्यांत झाला असेल, तर ती गावं नकाशावर मांडा आणि जन्माची अंदाजे वर्षं शेजारी लिहा. भोर घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, उजनी १९८० च्या सुमारास पूर्णत्वाला गेलं. अशा कामांवर दगड फोडणारी, माती वाहणारी वडार-बेलदारांची बिऱ्हाडं एका कामावरून दुसऱ्या कामावर जात. जन्मगावांचे ठिपके धरणांच्या, रस्त्यांच्या, लोहमार्गांच्या कामांशी जुळू लागले, तर तुमच्या हाती एक धागा आला.

दुसरी खूण बोलीची, आणि ही फार मोलाची. वडारांच्या बोलीवर तेलुगूची छाप आहे. कैकाडी बोली तमिळच्या कुळातली आहे. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानीच्या जवळची, तर पारधी आणि घिसाडी यांच्या बोलण्यात गुजरातीचा अंश लागतो. “आपली भाषा कोणती होती?” असं विचारलं तर “मराठीच की” असं उत्तर येईल. त्यापेक्षा एक ते दहा आकडे, भाकरी, पाणी, कुत्रं, पाऊस, पोलीस, नवऱ्याचा थोरला भाऊ यांना घरात काय म्हणत, ते विचारा. बाहेरच्यांना कळू नयेत म्हणून वापरायचे शब्दही विचारा. कागदाचा कपटाही हाती नसताना निव्वळ बोलीवरून केवढा लांबचा माग लागतो, याचा दाखला युरोपातल्या रोमा लोकांनी दिला आहे. त्यांच्या मोजणीत दोनाला ‘दुई’, पाचाला ‘पांज’, दहाला ‘देश’. अठराव्या शतकाच्या अखेरीस भाषापंडितांनी हे शब्द तपासले आणि त्यांचं मूळ भारतात असल्याचं ओळखलं.

तिसरी खूण हत्यारांची आणि वस्तूंची. माळ्यावर पडलेली पहार, घण, जात्याला टाकी लावायची छिन्नी, टोपल्या विणायचं पातं, औषधी मुळ्यांची पेटी, संबळ, नंदीची झूल. वस्तूचा फोटो काढून घ्या आणि ती कोणाची, कोणी वापरली, कधी ठेवून दिली, हे लिहून ठेवा.

चौथी खूण देवाची. कुलदैवत राहत्या गावापासून फार लांब आहे का? दरवर्षी एका ठराविक जत्रेला सगळं गणगोत जमत असे का? या खुणेकडं पुढं परत येऊ.

आता इशारा. आडनाव ही खूण धरू नका. पवार, जाधव, चव्हाण, शिंदे, मोरे ही आडनावं मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत आणि भटक्यांच्या अनेक जमातींतही आहेत. राठोड म्हटलं की बंजारा हे बऱ्याचदा खरं ठरतं, पण राजपूतही राठोड असतात. तसंच, गाव सुटलेलं प्रत्येक घर भटकं नसतं. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा छप्पनचा काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी कितीतरी घरं उठवली. आजीचं ‘मागनं आलो’ हे दुष्काळातलं एकदाचं उठणंही असू शकतं. दरवर्षीचं फिरणं आणि एकदाचं उठणं यांत फरक करता आला, की अर्धं काम झालं.

फोनवर काय विचारावं

व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट फोन इथून लागत नाही, म्हणून आपण बोटिम वापरतो. त्यावर गावाकडचं नेट अडखळतं आणि म्हातारं माणूस दोन मिनिटांत कंटाळतं. त्यापेक्षा भाच्याच्या किंवा पुतण्याच्या हाती प्रश्न द्या. आठवड्याला एकच प्रश्न, आणि उत्तर आवाजी संदेशातून. रेकॉर्डिंग करतो आहोत हे आधी सांगा आणि होकार घ्या. परवानगीशिवाय कोणाचं बोलणं रेकॉर्ड करणं अमिरातीत गुन्हा आहे. तो कायदा नसता तरी आजीला न सांगता तिचा आवाज साठवणं शोभलं नसतं.

पहिला प्रश्न पावसाळ्याचा ठेवा: “आजी, तू लहान असताना पावसाळ्यात तुम्ही कुठं असायचात?” फिरणारी पुष्कळ बिऱ्हाडं आठ महिने हिंडत आणि पावसाचे चार महिने एका जागी पाल टाकत. ती जागा बहुधा दरवर्षी तीच असे. पुढं मतदारयादी, रेशनकार्ड, शाळेत नाव घालणं, घरासाठी जागा मागणं हे सगळं त्याच गावात झालं. त्यामुळे तुमच्या घराच्या कागदाचा पहिला तुकडा सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता पावसाळी मुक्कामाच्या गावात असते.

त्यानंतर पुढचे प्रश्न एकेक करून पाठवा. लग्नं कुठं लागत आणि सोयरे कुठून येत? भांडण झालं तर निवाडा कोण करी, कुठं बसून? ओझं कशावर लादत: बैल, गाढव, घोडा की डोक्यावर? गावात शिरताना पाटलाकडं जाऊन नाव सांगावं लागे का? पोलीस हजेरी घेत का? माणूस दगावलं तर पुरत की जाळत, आणि कुठं? हा शेवटचा प्रश्न हळूच विचारा. फिरत्या घरांना मसणवटीची जागा मिळवतानाच सर्वांत जास्त अपमान सोसावा लागला आहे.

आजी गप्प झाली तर गप्पच राहू द्या. तिनं ज्या कारणासाठी हे साठ वर्षं मिटून ठेवलं, ते कारण तिच्यासाठी अजून संपलेलं नसेल.

कागद अलीकडून पलीकडे

वंशावळ शोधताना शिवाजी महाराजांच्या काळापासून खाली यायचा मोह होतो. काम उलट करायचं असतं. हातात असलेल्या शेवटच्या पक्क्या कागदापासून एकेक पायरी मागं जायचं.

पहिली पायरी शाळा. वडील किंवा आजोबा जिथं पहिलीत गेले, त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जात, जन्मगाव आणि आधीची शाळा लिहिलेली असते. एकाच मुलाचं नाव दोन-तीन शाळांच्या रजिस्टरांत सापडणं ही फिरस्तीची बोलकी खूण आहे. जातीच्या रकान्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गुरुजींनी जे ऐकलं, जे त्यांना समजलं किंवा जे पालकांना सोयीचं वाटलं, ते तिथं उतरलं. वडाराची नोंद ‘वडर’, ‘वड्डर’, ‘ओड’, ‘पाथरवट’, ‘बेलदार’ अशी सापडते. बंजाऱ्याची ‘लमाण’, ‘लमाणी’, ‘लंबाडा’ अशी, आणि कधी चुकून ‘वंजारी’ अशीही. बंजारा आणि वंजारी हे वेगळे समाज आहेत, पण कारकुनाच्या टाकाला तो फरक नेहमी कळलेला नसतो. कैकाडी दक्षिणेकडं ‘कोरवी’, ‘कोरचा’ होतो. कित्येक घरांनी शाळेत ‘हिंदू’ एवढंच सांगितलं, तर काहींनी सरळ ‘मराठा’ लावलं. म्हणून एका नावाऐवजी नावांची यादी बाळगून शोधा.

दुसरी पायरी कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवी. महसुलाच्या भाषेत हा गाव नमुना १४. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधीच्या नोंदींसाठी हाच मोठा आधार. जुनी पुस्तकं बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. पुष्कळशी मोडीत आहेत आणि त्यांत जातीचा उल्लेख असतो. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही पुस्तकं मोठ्या प्रमाणावर बाहेर निघाली, तपासली गेली, काही जिल्ह्यांत त्यांच्या प्रतिमाही उपलब्ध झाल्या. तो शोध दुसऱ्या कारणासाठी होता, पण त्या निमित्तानं धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणारे लोक तालुक्या-तालुक्यांत तयार झाले. त्याचा फायदा तुम्हालाही आहे. गावच्या पुस्तकात ‘फिरस्ते’ म्हणून किंवा वस्तीबाहेरच्या पालातला म्हणून नोंदवलेला एखादा जन्म वा मृत्यू तुमच्या घरचा निघू शकतो.

तिसरी पायरी जमीन. फिरत्यांना सातबारा कुठला, असं म्हणून ही पायरी गाळू नका. घर स्थिरावलं त्या वर्षी काहीतरी घडलं: गायरानातली जागा मिळाली, कोणी गुंठाभर विकत घेतली, एखाद्या योजनेत घरकुल आलं. त्या व्यवहाराचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, पाहा. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार घरबसल्या पाहता येतात. घर ‘गावचं’ झालं तो दिवस त्या एका ओळीत मिळतो.

तारखा वाचताना भान ठेवा. शके असेल तर ७८ मिळवा. मराठवाड्यात निजामाच्या राज्यातले कागद फसली सनातले असतील, तर साधारण ५९० मिळवा. म्हणजे फसली १३५० हे १९४०-४१ च्या सुमाराचं होईल. तिकडचे कागद उर्दूतही असतात. दुबईत उर्दू वाचणारा शेजारी मिळणं अवघड नाही, ही आपल्याला मिळालेली आयती सोय.

जनगणनेकडून फार अपेक्षा ठेवू नका. ब्रिटनमध्ये जनगणनेची घरवार पानं शंभर वर्षांनी खुली होतात आणि तंबूत, गाडीत राहणाऱ्या जिप्सी कुटुंबांची नावंही त्यांत सापडतात. भारतात आकडेवारी राहिली, घरोघरच्या नावांची पानं राहिली नाहीत. १९३१ च्या जनगणनेतून अमुक जिल्ह्यात अमुक जमातीचे किती लोक होते ते कळेल, तुमचे पणजोबा त्यांत होते का ते कळणार नाही.

सेटलमेंटचे कागद

काही घरांच्या बाबतीत सर्वांत तपशीलवार नोंद पोलिसांनी केलेली असते. ब्रिटिश सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला आणि १९२४ मध्ये सगळं एकत्र करून नवा कायदा झाला. एखादी जमात ‘गुन्हेगार’ जाहीर झाली, की तिच्यात जन्मलेला माणूस काही न करताही नोंदवला जाई. बोटांचे ठसे, ठराविक वेळी हजेरी, गाव सोडायला पास, आणि अनेकांच्या वाट्याला तारेच्या कुंपणातली वसाहत. या वसाहतींना लोक ‘सेटलमेंट’ म्हणत आणि अजूनही म्हणतात. सोलापूर, बारामती, हुबळी, विजापूर इथं त्या होत्या. सोलापूरच्या वसाहतीतले लोक गिरण्यांत कामाला जात. त्या शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही पत्त्यात लिहिलं जातं. आजोबांच्या बोलण्यात ‘सेटलमेंट’, ‘हजेरी’, ‘पास’, ‘तारेच्या आत’ असे शब्द येत असतील, तर या दिशेनं जा.

मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणूनच ‘विमुक्त’ हा शब्द आला आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. वसाहतींचे अहवाल, अधिसूचना आणि पत्रव्यवहार शोधायचा तर महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबई आणि पुणे इथल्या दप्तरांपासून सुरुवात करा. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ दुबईतूनही चाळता येतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची कागदपत्रं आहेत. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सभासद होते. वसाहतींची पार्श्वभूमी समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

हे कागद वाचताना एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पणजोबांचं नाव त्या रजिस्टरात सापडलं, तर त्यांनी चोरी केली होती असं त्यातून सिद्ध होत नाही. ते कोणाच्या पोटी जन्मले, एवढंच त्यातून कळतं. गुन्हा त्या कायद्याचा होता.

जत्रा, हेळवी आणि ढाडी

कागद संपतात तिथं जत्रा सुरू होते. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, पाथर्डी तालुक्यातल्या मढी इथं कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो आणि वैदू, बेलदार, कैकाडी, वडार अशी मंडळी तिथं जमतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा आहे. बंजाऱ्यांचं वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचं स्थान. वर्षभर विखुरलेली घरं इथं एकत्र येत. सोयरिकी इथंच जमत आणि पंचांचे निवाडेही इथंच होत. अशा ठिकाणी साठी-सत्तरीच्या माणसापाशी बसून आजोबांचं नाव, ओझ्याचं जनावर आणि पावसाळी मुक्काम एवढं सांगितलंत, तर “म्हणजे तुम्ही अमक्याच्यातले” असं उत्तर मिळू शकतं. त्या एका वाक्यानं कधी कधी चार वर्षांचं काम वाचतं.

बंजाऱ्यांत वंशाची आठवण गाऊन सांगणारे ढाडी आणि भाट आहेत. गोत्र, पाडा आणि तांड्याच्या नायकाचं नाव माहीत असेल तर त्यांच्याकडं जाता येतं.

सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागात हेळवी फिरतात. ठरलेल्या घरी काही वर्षांनी ते येतात, वही उघडून त्या घराची वंशावळ वाचतात, नव्या जन्मांची भर घालतात आणि धान्य-पैसा घेऊन पुढं जातात. गंमत पाहा: शेतकऱ्यांच्या पंधरा-पंधरा पिढ्या जपणारा हेळवी स्वतः भटक्या जमातीतला. स्थिर लोकांची मुळं फिरस्त्याच्या वहीत आहेत. तुमचं घर हेळव्याच्या वहीत सापडलं, तर ते घर काही पिढ्या एका जागी होतं असा अंदाज बांधता येतो, आणि भटकेपणाच्या शंकेला तेवढा उतार पडतो. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींनाही हेच लागू. तिथं नाव सापडलं तर आनंद, नाही सापडलं तर त्यातून काही ठरत नाही.

जातपंचायतीच्या माणसांकडून माहिती घ्या, पण ‘तुमचं घर परत जातीत घेण्यासाठी’ म्हणून कोणी दंड किंवा जेवणावळ मागितली, तर हात जोडून निघा. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून लागू आहे.

पुस्तकं आणि जनुकं

मुंबई इलाख्याची जुनी जिल्हा गॅझेटियरं, आर. ई. एन्थोवेन यांचे ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे’चे १९२० ते १९२२ मधले तीन खंड, विदर्भासाठी रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे खंड, निजामाच्या मुलखासाठी सिराज उल हसन यांचा १९२० चा ग्रंथ. हे सगळं इंटरनेटवर वाचायला मिळतं. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांवर वेगळं प्रकरण आहे. या पुस्तकांतून पोटशाखा, फिरण्याचे पट्टे, देव, धंदे यांची नावं घ्या. स्वभावाविषयीची शेलकी विशेषणं तिथंच सोडून द्या. लिहिणारा बहुतेक वेळा साहेब, पोलीस किंवा गावचा माणूस होता. त्यावर उतारा म्हणून भटक्या-विमुक्तांनी स्वतः लिहिलेली आत्मकथनं वाचा: लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, दादासाहेब मोरे यांचं ‘गबाळ’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. आजी जे बोलत नाही ते कसं असेल, याची कल्पना यांतून येते, आणि तिला विचारायचे प्रश्नही बदलतात.

थुंकी पाठवून जनुकं तपासून घेण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. त्यातून चुलत-मावस नातेवाईक सापडू शकतात. पण ‘तुम्ही अमुक टक्के वडार’ असं कोणतीही चाचणी खात्रीनं सांगू शकत नाही. शिवाय भटक्या समाजातले फार थोडे लोक अशा चाचण्या करून घेतात, त्यामुळे जुळायला समोर माणूसच नसतो. अमिरातीत मानवी जनुकांच्या वापराबाबत २०२३ चा स्वतंत्र कायदा आहे. नमुना देशाबाहेर पाठवण्याआधी नियम पाहून घ्या.

इथं बसून काम कसं चालवावं

महाराष्ट्रातली सरकारी कार्यालयं फेब्रुवारी २०२० पासून आठवड्याचे पाच दिवस चालतात आणि अमिरातीची साप्ताहिक सुटीही २०२२ पासून शनिवार-रविवार झाली. म्हणजे आपली सुटी त्यांचीही सुटी. फोन कामाच्या दिवशीच करावा लागणार. तिकडं पावणेदहाला कार्यालय उघडतं तेव्हा इथं सव्वाआठ वाजलेले असतात. कचेरीला निघायच्या आधीची ती वीस मिनिटं या कामासाठी राखून ठेवा.

साध्या नकलेसाठी गावच्या नातेवाइकाला सहीचं अधिकारपत्र बहुधा पुरतं. जमिनीच्या किंवा कोर्टाच्या कामासाठी कुलमुखत्यारपत्र लागलं, तर दुबई आणि उत्तरेकडच्या अमिरातींसाठी दुबईचा वाणिज्य दूतावास, अबू धाबीसाठी तिथला राजदूतावास. असा कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे विसरू नका. भारतीय नागरिक असाल तर माहिती अधिकाराचा अर्ज इथूनही ऑनलाइन करता येतो. ‘माझ्या कुटुंबाची सर्व माहिती द्या’ असा अर्ज केलात तर तो परत येईल. शाळेचं किंवा गावाचं नाव, रजिस्टराचा प्रकार आणि वर्षं नेमकी लिहा.

जुलै-ऑगस्टच्या सुटीत गावी जाल तेव्हा पाऊस असतो आणि जत्रा संपलेल्या असतात. ती सुटी शाळा आणि तहसीलसाठी वापरा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष मार्चमध्ये संपतं. मढीची यात्रा बहुतेक त्याच सुमारास येते, तेव्हा एखाद्या वर्षी तिकीट त्या बेतानं काढा.

जातप्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट

कुटुंबाचा इतिहास शोधणं आणि विमुक्त जाती किंवा भटक्या जमातीचं प्रमाणपत्र मिळवणं, या दोन वेगळ्या वाटा आहेत. प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरली जाते. त्याआधीचे जातीचे आणि वास्तव्याचे पुरावे लागतात आणि पडताळणी समिती ते तपासते. आजीची आठवण किंवा जत्रेतल्या म्हाताऱ्याचं वाक्य तिथं चालत नाही. खोटा दावा केला तर शिक्षा होते आणि खऱ्या हक्कदाराच्या तोंडचा घास जातो.

राज्य ओलांडलं की वर्गही बदलतो. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तर तेलंगण-आंध्रात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत. तुमच्या दोन चुलत घराण्यांच्या दाखल्यांवर वेगवेगळे वर्ग दिसले, तर कोणीतरी खोटं बोललं असेल असं लगेच धरू नका. मधून राज्याची सीमा गेली असेल.

वही कशी ठेवावी

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने पाडा: ठरलेलं, शक्य, ऐकीव. कोतवाल बुकातली नोंद ठरलेल्यात. धरणाच्या वर्षाशी जुळणारं जन्मगाव शक्यमध्ये. “आपले पूर्वज राणा प्रतापाच्या सैन्यात होते” हे ऐकीवमध्ये, मग ते कितीही मोठ्या तोंडानं सांगितलेलं असो. अनेक भटक्या जमातींत राजपुतान्याशी नातं सांगणारी कथा आहे. ती कथा अपमान सोसणाऱ्या लोकांनी आपली मान ताठ ठेवण्यासाठी जपलेली आहे, म्हणून तिला मान द्या, पण तिचा रकाना बदलू नका. प्रत्येक नोंदीखाली कोणी सांगितलं आणि कधी, ते लिहा.

जे सापडेल ते कौटुंबिक ग्रुपवर लगेच टाकू नका. एखाद्या चुलतबहिणीचं लग्न ठरत असेल, कोणी नोकरीच्या ठिकाणी हे लपवलं असेल. आजचा मोकळेपणा तुम्हाला परवडतो, कारण तुम्ही समुद्रापलीकडे आहात. गावात राहणाऱ्याला तो तितकाच परवडेल असं नाही. ज्यांची नावं येतात, त्यांना आधी एकेकाला सांगा.

आणि सगळं करूनही एका गावाचं नाव नाहीच निघालं, तर? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण हसण्यावारी म्हणतो. ज्यांचं बिऱ्हाड खरोखर पाठीवर होतं, त्यांच्या वंशजांनी उगाच एक गाव उसनं आणायची गरज नाही. मुलीच्या कागदावरच्या चौकोनात पावसाळी मुक्काम लिहा, त्यापुढं जत्रेचं ठिकाण लिहा, त्यापुढं पणजोबांनी दगड फोडला ते धरण, आणि शेवटी गुंठाभर जागेचा फेरफार झाला ते गाव. चौकोन पुरणार नाही. ओळ बाहेर जाईल, झाडाच्या बुंध्यावरून कागदाच्या कडेपर्यंत पोचेल. जाऊ द्या. वर्गातल्या एखाद्या अमिराती मुलाच्या पणजोबांनीही लिवा ते किनारा अशीच ओळ वाळूत ओढली असेल. बाईंनी विचारलं, तर मुलीला एवढंच सांगता यावं: “आमचं मूळ गाव म्हणजे ही वाट आहे.”